मराठी ज्ञानप्रसारक

मराठी ज्ञानप्रसारक : (१८५०–६७). मुंबई येथील एल्फिन्स्टन विद्यालयातील विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या अध्यापकांच्या प्रयत्नांतून निघालेले मराठी मासिक. त्याचा पहिला अंक एप्रिल १८५० मध्ये प्रसिद्ध झाला. एल्फिन्स्टन विद्यालयातील विद्यार्थिमंडळाच्या मराठी शाखेचे, म्हणजे ‘उपयुक्त ज्ञानप्रसारक सभे’चे, ते मुखपत्र होते. त्या वेळी मुंबई विद्यापीठ अस्तित्वात यावयाचे होते, तसेच महाविद्यालय व विद्यालय ह्यांची पुरती फारकतही झाली नव्हती; तथापि उच्च शिक्षण घेणाऱ्या तरुणांनी स्वतःच्या संस्थेमार्फत दीर्घकाळ चालविलेले मराठीतील आरंभीचे नियतकालिक म्हणून त्याचे स्थान महत्त्वाचे आहे. इंग्रजीतून मिळविलेली विद्या मराठीतून सांगता येते की नाही, ह्या त्या काळी वादग्रस्त असलेल्या प्रश्नाला ह्या मासिकाने सतरा वर्षे कृतीने उत्तर दिले.

पार्श्वभूमी : मुंबईचे गव्हर्नर मौंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन १८२७ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ एतद्देशीय नागरिकांनी मोठा निधी जमविला. त्यातून इंग्रजी भाषा, साहित्य व शास्त्रे शिकविणाऱ्या प्राध्यापकांची योजना झाली आणि १८३४-३५ च्या सुमारास ऑर्लीबार व हार्कनेस ह्या प्राध्यापकांनी अध्यापनास आरंभ केला. ⇨बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) हे तेथे साहाय्यक प्राध्यापक झाले. त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी दर्पण हे मराठी-इंग्रजी वृत्तपत्र आणि १८४० मध्ये दिग्दर्शन हे मराठी मासिक सुरू केले होते. दर्पणाचा रोख लोकव्यवहाराच्या चर्चेवर, तर दिग्दर्शनाचा इतिहास, भूगोल, पदार्थविज्ञान इ. विषयांच्या परिचयावर होता. जांभेकरांचे शिष्य गोविंद विठ्ठल उर्फ भाऊ महाजन ह्यांनी १८४१ मध्ये प्रभाकर हे साप्ताहिक काढले. अशा प्रकारे शिक्षकाने नियतकालिक काढावे व शिष्याने ती परंपरा पुढे चालवावी, हा परिपाठ मुंबईत आधीच पडला होता. जांभेकर १८४६ मध्ये निवर्तले. दिग्दर्शन त्यापूर्वीच बंद पडले होते. त्यामुळे शास्त्रीय विषयांना वाहिलेल्या मराठी मासिकाची जागा रिकामी राहिली होती.

माध्यमाचा वाद : ह्याच सुमारास शिक्षणाच्या माध्यमावरून मुंबईच्या शिक्षणमंडळात (बोर्ड ऑफ एज्युकेशन) तीव्र मतभेद झाले. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे इंग्रजी माध्यमाचे आग्रही पुरस्कर्ते होते. थोड्या लोकांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावे व त्यांच्याकरवी ते खाली झिरपावे, अशी त्यांची भूमिका होती. उलट, कर्नल जॉर्ज जर्व्हिस आणि मंडळाचे एतद्देशीय सदस्य ⇨जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहिम मकबा ह्यांचे म्हणणे असे, की लोकसमुदायास नवे ज्ञान मिळावयाचे, तर ते त्यांच्या भाषेतूनच मिळाले पाहिजे. जर्व्हिस ह्यांनी पूर्वी मराठीतून गणिताची पुस्तके तयार करविली होती. त्यामुळे त्यांच्या मताला अनुभवाचा आधार होता. हा वाद १८४७-४८ मध्ये सरकारकडे गेला. सरकारने कोणताच पक्ष पूर्णपणे उचलून धरला नाही. परंतु प्राथमिक शिक्षण देशी भाषांतून व उच्च शिक्षण इंग्रजीतून, ही विभागणी व्यवहारात रूढ होत गेली आणि १८५४ च्या वुडच्या खलित्याने ती बव्हंशी कायम केली.

वादात दोन्ही पक्षांचे बोलणे विद्यार्थ्यांविषयी होते; विद्यार्थ्यांचे मत मात्र कोणी विचारले नव्हते. इंग्रजी शिकलेली मुले आपली विद्या समाजापर्यंत आपण होऊन पोहोचवतील, हे पेरी ह्यांच्या भूमिकेत गृहीत धरलेले होते; मराठीत ती पोहोचविता येईल, हे जर्व्हिस व शंकरशेट ह्यांच्या भूमिकेत गृहीत होते. ह्या दोन्ही गृहीतकांची परीक्षा पुढे विद्यार्थ्यांनीच स्थापन केलेल्या संस्थेत झाली.

संस्थेची स्थापना : एल्फिन्स्टन विद्यालयातील प्रा. पॅटन ह्यांच्या प्रेरणेने १३ जून १८४८ रोजी ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ ही संस्था स्थापन झाली. आजी-माजी विद्यार्थ्यांनी नियमित एकत्र यावे, निबंध वाचावेत व त्यांवर चर्चा करावी, असा तिचा उद्देश होता. ⇨दादाभाई नवरोजी (१८२५–१९१७), ⇨भाऊ दाजी लाड (१८२४–७४), विश्वनाथ नारायण मंडलीक (१८३३–८९) इ. पुढे कीर्तीस चढलेल्या अनेकांचा ह्या संस्थेशी संबंध होता. भाऊ दाजी पुढे तिचे अध्यक्षही झाले.

मुख्य संस्थेचे कामकाज इंग्रजीतून चाले. त्याच वर्षी तिच्या दोन देशी शाखा निघाल्या : मराठी भाषिकांसाठी ‘उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा’ व गुजराती भाषिक पारशी विद्यार्थ्यांसाठी ‘ज्ञानप्रसारक मंडळी’. गुजराती हिंदूंसाठी ‘बुद्धिवर्धक हिंदु सभा’ १८५१ मध्ये निघाली. मराठी सभेचे अध्यक्षपद ⇨दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–८२) ह्यांच्याकडे होते. महाराष्ट्र भाषेचे व्याकरण (१८३६) ह्या त्यांच्या ग्रंथामुळे मराठी गद्याच्या लेखनास नियमांची बैठक मिळाली होती. लिहिणारे तरुण इंग्रजीत वाढलेले आणि त्यांचा मार्गदर्शक मराठीचा व्याकरणकार, हा योग मासिकाला हितकारक ठरला.

संस्थेच्या नियमांनुसार धर्मविषयक व राजकीय वादांना सभांमध्ये मज्जाव होता. त्याची कारणे त्या काळच्या मुंबईत शोधावी लागतात. मिशनरी शाळांतील धर्मांतरांमुळे १८३९ मध्ये पारशी समाजात व १८४३ मध्ये हिंदू समाजात मोठा क्षोभ झाला होता. ज्या संस्थेत हिंदू व पारशी तरुण एकत्र बसत होते आणि जिच्या पाठीशी यूरोपीय अध्यापक होते, तिच्याविषयी पालकांच्या मनात संशय निर्माण झाला असता, तर संस्था जगली नसती. वीस वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातील विद्यार्थ्यांचा अनुभव असाच होता. हेन्री डेरोझिओ ह्यांच्या शिष्यांनी १८३० मध्ये काढलेले पार्थेनॉन हे इंग्रजी पत्र एका अंकानंतरच चालकांनी बंद पाडले आणि पुढील वर्षी डेरोझिओंनाही महाविद्यालय सोडावे लागले. मुंबईच्या विद्यार्थ्यांनी दुसरा मार्ग पतकरला : वादविषय बाजूला ठेवावयाचे आणि ज्ञानविषय लोकांच्या भाषेत आणावयाचे.

मासिकाचे स्वरूप : सभेत वाचलेले निबंध हा ज्ञानप्रसारकाचा मुख्य आधार होता. सभासदाने विषय निवडून निबंध लिहावयाचा, तो सभेपुढे वाचावयाचा, त्यावर इतरांनी बोलावयाचे आणि योग्य वाटलेला निबंध मासिकात छापावयाचा, असा हा क्रम होता. लेखन प्रथम ऐकविले जात असल्यामुळे ते कानाला समजेल असे ठेवणे भाग पडे. पदार्थविज्ञान, रसायन, खगोल, भूगोल, इतिहास, चरित्रे, आरोग्य, व्यापार-उद्योग, नीती इ. विषयांवरील लेख त्यात येत. ‘उपयुक्त ज्ञान’ ह्या शब्दप्रयोगावर लंडन येथे १८२६ मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी फॉर द डिफ्यूजन ऑफ यूसफुल नॉलेज’ ह्या संस्थेची छाप स्पष्ट दिसते. तथापि इंग्लंडमधील ती संस्था सुशिक्षितांनी श्रमिकांसाठी चालविली होती. मुंबईत ते काम नुकतेच शिकलेले व अजून शिकत असलेले तरुण करीत होते.

पुढील काळातील पाश्चात्त्य विद्यापीठांतील विद्यार्थिपत्रांशी तुलना केल्यास हा भेद अधिक ठळक होतो. हार्व्हर्ड येथील क्रिम्झन (१८७३), येल येथील डेली न्यूज (१८७८) किंवा केंब्रिज येथील ग्रँटा (१८८९) ही पत्रे मुख्यतः विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी विद्यापीठातील वाचकांसाठी काढली. मराठी ज्ञानप्रसारकाचा अपेक्षित वाचक विद्यालयाच्या भिंतींबाहेर होता : इंग्रजी न येणारा कारकून, गावातील पंतोजी, दुकानदार, तसेच घरातील वडीलधारी मंडळी. लोहमार्ग १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आणि १८५६ मध्ये कर्जतमार्गे बोरघाटाच्या पायथ्याशी असलेल्या खोपोलीपर्यंत गेला आणि मुंबईतील मुद्रित मजकूर अंतर्भागात पोहोचण्याची साधने ह्याच काळात वाढू लागली.

भाषिक कार्य : ज्ञानप्रसारकाच्या लेखकांपुढील पहिली अडचण परिभाषेची होती. यूरोपीय शास्त्रांतील संकल्पनांना संस्कृतातून शब्द घडवावयाचे, बोलीतले शब्द वापरावयाचे की इंग्रजी शब्दच ठेवावयाचे, ह्याबद्दल ठरलेले धोरण नव्हते. शालेय पुस्तकांचे मराठी मेजर टॉमस कँडी ह्यांच्या देखरेखीखाली घडत होते आणि मराठीतील विरामचिन्हांविषयीची त्यांची पुस्तिकाही १८५० मध्येच निघाली. शालेय पुस्तकातील वाक्य मात्र बहुधा भाषांतरित असे. मासिकातील निबंधकाराला स्वतःचा विषय स्वतः मांडावयाचा असल्याने वाक्यरचना, दृष्टांत व युक्तिवाद ह्यांची जुळणी त्यालाच करावी लागे. पुढील काळातील मराठी निबंध ज्या गद्यावर उभा राहिला, त्याच्या घडणीत अशा लेखनसरावाचा वाटा आहे. मुंबईचे वर्णन (१८६३) ह्या ग्रंथाचे कर्ते ⇨गोविंद नारायण माडगावकर हेही ह्या सभेत निबंध वाचणाऱ्यांपैकी होते. व्यवहारातील पाहणी साध्या गद्यात मांडण्याची त्यांची हातोटी ह्या वातावरणाशी सुसंगत आहे.

शिक्षण व समाजकार्य : संस्थेचे कार्य लेखनापुरते राहिले नाही. सभांमधील चर्चांतून स्त्रीशिक्षणाचा विचार पुढे आला आणि १८४९ च्या ऑक्टोबरपासून संस्थेने मराठी व पारशी मुलींसाठी शाळा उघडल्या. आरंभी विद्यार्थी-सभासद स्वतः, वेतन न घेता, सकाळच्या वेळी ह्या शाळांत शिकवीत. मराठी मुलींच्या शाळेला जगन्नाथ शंकरशेट ह्यांनी जागा दिली, तर पारशी मुलींच्या शाळांना कामा कुटुंबाने साहाय्य केले. पुणे येथे महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली होती. मुंबईतील हा प्रयत्न जवळजवळ त्याच वेळचा आहे. ह्या मुलींसाठी घरी वाचण्याजोगे मराठी लेखन हवे, ही गरज मासिकाच्या कार्यास पूरक ठरली. शाळा व मासिक ही एकाच उद्देशाची दोन अंगे होती.

मर्यादा : धर्म व राजकारण वर्ज्य केल्यामुळे संस्था टिकली, पण त्याची किंमतही तिला द्यावी लागली. जातिभेद, विधवांची स्थिती, राज्यकारभारातील अन्याय ह्या प्रश्नांना सभेत मोकळी वाट नसल्याने ते अन्यत्र बाहेर पडले. दादोबा पांडुरंग व त्यांचे सहकारी १८४९ मध्ये स्थापन झालेल्या ⇨परमहंस सभेत जातिबंधने मोडण्याचा प्रयोग करीत होते, परंतु तो गुप्तपणे. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ पासून प्रभाकरात प्रसिद्ध झाली. दादाभाई नवरोजींनी पारशी समाजातील सुधारणेसाठी १८५१ मध्ये रास्त गोफ्तार हे स्वतंत्र गुजराती पत्र काढले. तीच माणसे सभेत एक भाषा बोलत व सभेबाहेर दुसरी, असे ह्या पिढीचे दुभंगलेपण होते.

दुसरी मर्यादा सामाजिक होती. एल्फिन्स्टन विद्यालयात येणारे विद्यार्थी मुख्यतः पारशी व हिंदूंमधील वरिष्ठ जातींचे होते. लोकांच्या भाषेत ज्ञान नेण्याची त्यांची इच्छा प्रामाणिक असली, तरी शेतकरी, कारागीर व अस्पृश्य मानलेले समाज ह्यांच्यापर्यंत मुद्रित मासिक पोहोचणे शक्य नव्हते. त्यांच्यात साक्षरतेचाच अभाव होता. पुण्यात फुले ह्यांनी शूद्रातिशूद्रांच्या मुलामुलींसाठी ज्या शाळा काढल्या, त्यांचा मार्ग वेगळा होता.

तिसरी मर्यादा ज्ञाननिर्मितीच्या भाषेची होती. मराठीत परिचय व प्रसार, तर इंग्रजीत संशोधन, अशी विभागणी ह्या पिढीने नकळत स्वीकारली. पश्चिम भारतातील लेण्यांच्या पाहणीचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. संस्था स्थापन झाली त्याच सुमारास मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेने लेण्यांच्या अभ्यासासाठी समिती नेमली. विष्णुशास्त्री बापट हे तिच्यासाठी लेण्यांची पाहणी करीत व कोरीव लेख उतरवून घेत. कर्जतजवळ राजमाचीच्या पायथ्याशी असलेली कोंडाणे येथील बौद्ध लेणी अभ्यासकांच्या नजरेस प्रथम आणून देण्याचे श्रेय विष्णुशास्त्री ह्यांना दिले जाते. तेथील प्राकृत लेखात ‘कण्हाचा अंतेवासी’, म्हणजे शिष्य, असा बलक नामक कारागिराचा निर्देश आहे. परंतु ह्या लेण्यांविषयीचे वृत्तांत प्रसिद्ध झाले, ते इंग्रजीत. भाऊ दाजींचे अजिंठा येथील व इतर कोरीव लेखांवरील संशोधनही इंग्रजी नियतकालिकातच आले. डोंगर इथले, लेख इथल्या जुन्या भाषेतले, वाचणारे पंडितही इथलेच. पण त्या शोधाची नोंद मराठी वाचकाला पुष्कळ उशिरा मिळाली.

अखेर : एल्फिन्स्टन महाविद्यालय १८५६ मध्ये विद्यालयापासून वेगळे झाले व १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ मध्ये व पहिली बी. ए. परीक्षा १८६२ मध्ये झाली. विद्यापीठामुळे शिक्षणाला निश्चित परीक्षापद्धती लाभली. पण १८६० नंतरच्या दशकात अभ्यासक्रमातून देशी भाषांना बाजूला सारून संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषांना स्थान देण्यात आले. त्यामुळे हुशार विद्यार्थ्याला मराठी लिहिण्याचे शैक्षणिक प्रयोजन उरले नाही. मुलींच्या शाळांत सकाळी शिकविणारा व संध्याकाळी मराठी निबंध वाचणारा विद्यार्थी ज्या मोकळ्या वातावरणात वाढला होता, ते वातावरणही राहिले नाही. मराठी ज्ञानप्रसारक १८६७ मध्ये बंद पडले.

प्रभाव : मासिक थांबले, तरी त्याने घालून दिलेली वाट मोडली नाही. १८६७ च्या जुलैमध्येच ⇨विविधज्ञानविस्तार हे मासिक निघाले व रामचंद्र भिकाजी गुंजीकर ह्यांच्या संपादनाखाली त्याने शास्त्र, इतिहास, ग्रंथपरीक्षण व कथा ह्यांना एकत्र आणले. हे मासिक विसाव्या शतकातही दीर्घकाळ चालले. ज्ञानप्रसारकाने जो वाचक घडविला होता, तो ह्या नव्या मासिकास आयता लाभला, असे म्हणता येईल. १८६७ मध्येच प्रार्थनासमाजाची मुंबईत स्थापना झाली आणि दादोबांचे बंधू आत्माराम पांडुरंग तिच्या संस्थापकांत होते; सभेच्या नियमांनी जो धर्मविचार वर्ज्य ठरविला होता, तो आता उघड व्यासपीठावर आला.

विद्यार्थिदशेत लेखनाचा सराव करून पुढे पत्रकारितेत यावयाचे, ही परंपरा नंतरच्या पिढ्यांतही दिसते. ⇨महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) हे एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे विद्यार्थी. १८६२ मध्ये, पदवी मिळविली त्याच वर्षी, इंदुप्रकाश ह्या नव्या साप्ताहिकाच्या इंग्रजी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बाहेर पडलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमाला (१८७४) सुरू केली. टिळक व आगरकर ह्यांनी चिपळूणकरांसमवेत १८८१ मध्ये केसरी व मराठा ही पत्रे काढली. ज्ञानप्रसारकाने वर्ज्य मानलेले राजकारण ह्या पत्रांचा प्राण ठरले. पण गंभीर विषय मराठीत पेलता येतो, हा विश्वास त्यांना आयता मिळाला होता. विद्यापीठाने मराठीला पुन्हा स्थान द्यावे, यासाठी रानड्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत प्रयत्न केले. त्यांच्या निधनाच्या सुमारास एम्. ए. च्या परीक्षेत मराठीचा प्रवेश झाला.

विसाव्या शतकात महाविद्यालयांची वार्षिके रूढ झाली. त्यांतून अनेक लेखकांचे पहिले लेखन प्रसिद्ध झाले. तथापि संस्थेच्या खर्चाने व संस्थेच्या देखरेखीखाली निघत असल्यामुळे त्यांचा प्रभाव बहुधा आवारापुरता राहिला. ह्याला ठळक अपवाद औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील मिलिंद महाविद्यालयाचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या ह्या महाविद्यालयाच्या परिसरात, उच्च शिक्षणात नव्यानेच आलेल्या दलित तरुणांच्या व त्यांच्या अध्यापकांच्या प्रयत्नांतून, १९६० नंतरच्या दशकात अस्मिता हे त्रैमासिक निघाले. गंगाधर पानतावणे ह्यांच्या संपादनाखाली पुढे अस्मितादर्श ह्या नावाने ते दलित साहित्याच्या चळवळीचे प्रमुख व्यासपीठ झाले. मराठी ज्ञानप्रसारकाशी त्याचा थेट संबंध नाही; उलट ज्या समाजांपर्यंत ज्ञानप्रसारक पोहोचू शकले नव्हते, त्यांचेच ते नियतकालिक. परंतु शिक्षणाचा लाभ प्रथमच झालेली पिढी आपल्या भाषेत आपले व्यासपीठ उभारते, तेव्हा त्याचा परिणाम महाविद्यालयाच्या सीमेपलीकडे जातो, ही गोष्ट दोन्ही उदाहरणांत समान आहे.

मूल्यमापन : मराठी ज्ञानप्रसारकातील शास्त्रीय माहिती लवकरच जुनी झाली आणि त्यातील निबंधांना वाङ्‌मयीन कृती म्हणून विशेष स्थान उरले नाही. त्याचे महत्त्व त्याने केलेल्या प्रयोगात आहे. शिक्षणमंडळातील वादात पेरी ह्यांनी गृहीत धरलेली ज्ञानाची पाझरण आपोआप होत नाही. ती कोणीतरी श्रमपूर्वक करावी लागते, हे ह्या विद्यार्थ्यांनी दाखविले. तसेच मराठी त्या श्रमास पुरी पडते, ही शंकरशेट-जर्व्हिस पक्षाची बाजूही त्यांनी सिद्ध केली. हे काम विद्यार्थ्यांच्या उत्साहावर व थोड्या अध्यापकांच्या पाठिंब्यावर चालले. विद्यापीठाने त्याला आपल्या रचनेत जागा दिली असती, तर मराठीतील शास्त्रीय लेखनाचा पुढील इतिहास कदाचित वेगळा झाला असता. ती जागा मिळाली नाही, आणि मराठीतून उच्च ज्ञान देण्याचा प्रश्न पुढील पिढ्यांना नव्याने हाती घ्यावा लागला.